तापानंतर सांधे धरलेत? तापाचंच दुखणं आहे की संधिवाताची सुरुवात, कसं बघायचं

नाशकात पाऊस ओसरायला लागला, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर, की सिडको असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. चिकनगुनिया झाला होता, ताप गेला पण सांधे धरलेत, कोणाला काही उपाय माहितीये का. खाली उत्तरांची रांग. निर्गुडीच्या पाल्याने शेका, मेथीचे लाडू खा, अमक्या गावचा पुडीवाला बघा, आणि मधेच कोणीतरी लिहितं की माझ्या जावेला पण असंच झालं होतं आणि शेवटी संधिवातच निघाला. बाकी सगळं माणूस विसरतो, हे एक वाक्य मात्र डोक्यात घर करून बसतं.

मला स्वतःला रुमेटॉइड आर्थरायटिस आहे, आरए म्हणतात तो, संधिवाताचा ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे बिल्डिंगमधल्या अशा सगळ्या केसेस फिरून फिरून माझ्या दारात येतात. डॉक्टर नाहीये मी, गोळ्यांचे डोस इथे सापडणार नाहीत. पण काय बघायचं, काय लिहून ठेवायचं, किती दिवस धीर धरायचा आणि कधी अजिबात धरायचा नाही हे सांगू शकते, आणि व्हायरसमुळे आरए होतो का हे जे प्रत्येक जण विचारतो त्याचंही सांगते.

सगळ्यात आधी एक आकडा लक्षात ठेवा, सहा आठवडे. व्हायरल तापातलं सांध्यांचं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत आरएच्या टेस्ट करून रिपोर्ट हातात घेऊन रडत बसायचं कारण नाही, आणि उलट बाजूने तीन महिने झाले तरी "चिकनगुनियाचंच आहे हो, जाईल" म्हणत बसणं हे त्याहून वाईट, कारण आरए असेल तर सुरुवातीच्या काही महिन्यांत औषध सुरू झालं की सांधे वाचतात आणि एकदा हाड झिजलं की ते परत भरून येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, घाबरून पळू नका आणि निवांत बसूही नका, तारीख लिहा आणि मोजा.

पहिला आठवडा, ताप चालू असताना. इथे सांध्यांपेक्षा डेंगूची काळजी जास्त. डास तोच, दिवसा चावणारा एडिस, आणि सुरुवातीला डेंगू आणि चिकनगुनिया सारखेच दिसतात, त्यामुळे डेंगू नाही हे कळेपर्यंत दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन असलं काही घेऊ नका, रक्तस्त्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल, पाणी, आराम, आणि डॉक्टर. डेंगूची एनएस१ टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, चिकनगुनियाची आयजीएम अँटिबॉडीची टेस्ट मात्र पाचेक दिवसांनी पॉझिटिव्ह यायला लागते, दुसऱ्याच दिवशी करून निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ काही नाही. प्रायव्हेटला पैसे घालायच्या आधी सिव्हिलला किंवा जवळच्या मनपा दवाखान्यात विचारून बघा. आणि रिपोर्टचा कागद टाकून देऊ नका, नंतर दोन महिन्यांनी डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, चिकनगुनिया होता हे टेस्टवरून सांगताय की अंदाजाने? शंभरातल्या नव्वदांचा अंदाज असतो.

ताप गेल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते म्हणजे वही. साधी वही, पोराची अर्धी उरलेली असली तरी चालेल. रोज सकाळी तीनच गोष्टी लिहायच्या. उठल्यावर हात-पाय किती वेळ आखडलेले होते, कुठला सांधा सुजला होता (नुसता दुखणारा वेगळा लिहायचा), आणि एखादं रोजचं काम जमलं की नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या वहीतलं एक पान मला अजून आठवतं, "मंगळवार. सहाला उठले. मूठ सव्वासातला वळली. डावं मनगट फुगलंय, उजवं नुसतं ठणकतं. कणीक सुनेने मळली. बांगड्या चढल्या नाहीत." बस, एवढं. त्या पानावरून डॉक्टरांना जे कळलं ते "सगळं अंग दुखतं हो डॉक्टर" ने कधीच कळलं नसतं.

सकाळचं आखडणं महत्त्वाचं का, तर कामाने थकून किंवा वयाने झिजून दुखणारा सांधा सकाळी पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो आणि दिवसभर वापरला की जास्त दुखतो. आतून सूज असलेल्या सांध्याचं उलट, सकाळी अर्धा तास-तास-दीड तास आखडलेला आणि हालचाल केली की जरा सैल. पिंपळगाव-निफाडकडे द्राक्षाची छाटणी चालू असली की दिवसभर कात्री चालवून बोटं दुखणारी माणसं ढिगाने असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आरए वगैरे काही नसतो, रात्री दुखतं, सकाळी बरं असतं. पण कात्री ठेवून पंधरा दिवस झाले, तरी सकाळी चहाचा कप उचलताना दोन्ही हात लागत असतील तर ते कात्रीचं नाही.

सूज ओळखायची कशी? दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवा, खाली पेपर अंथरा, खिडकीचा उजेड घ्या आणि मोबाईलने फोटो काढा, आठवड्यातून एकदा, त्याच जागी. बोटांच्या मुळाशी मूठ वळल्यावर जी उंच हाडं दिसतात ना, त्यांच्या मधल्या खळग्या बुजल्यात का ते बघा. मग दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या हाताशी शेकहँड करायला सांगा, म्हणजे चारही बोटांची मुळं एकदम आडवी दाबली जातील अशी. हळूच. त्या दाबाने ओय निघालं तर वहीत लिहा. पायाच्या बोटांच्या मुळाशीही तसंच. आरएला बोटांची मुळं, मधले सांधे, मनगट, पायाच्या बोटांची मुळं हे आवडतं, तेही दोन्ही बाजूंना, आणि नखाजवळचा शेवटचा सांधा तो शक्यतो सोडतो. गंमत म्हणजे चिकनगुनियालाही मनगट, बोटं, घोटे हेच आवडतात. म्हणूनच तर गोंधळ होतो, नाहीतर एवढं लिहायची वेळच आली नसती.

सहा आठवडे झाले, सूज आहेच, सकाळचं आखडणं आहेच, तर आता रुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर नाही, संधिवाताचे. आपल्याकडे सांधा म्हटलं की पाय आपोआप हाडांच्या दवाखान्याकडे वळतात आणि तिथे एक्स-रे काढला जातो आणि एक्स-रे नॉर्मल म्हणून माणूस खूश होऊन घरी येतो. सुरुवातीच्या आरएमध्ये एक्स-रे बहुधा नॉर्मलच असतो हो! आतली सूज सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसते, एक्स-रेत नंतर दिसतं ते झालेलं नुकसान. आणि सहा आठवड्यांची वाट बघायची ती साध्या केसमध्ये, एकच सांधा लालबुंद होऊन तापला असेल, परत ताप चढला असेल, श्वास लागत असेल, हातापायातली ताकद गेली असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

टेस्टचं थोडं सविस्तर, कारण इथे पैसे आणि झोप दोन्ही जातात. "फुल बॉडी संधिवात पॅकेज" नावाचं काहीतरी घेऊन लोक येतात, त्यात युरिक ॲसिड, व्हिटॅमिन, एएसओ, सगळी भरताड असते. कामाच्या गोष्टी चार-पाचच. ईएसआर आणि सीआरपी, सूज किती आहे हे सांगतात, कशामुळे ते सांगत नाहीत. आरए फॅक्टर, ही रक्तातली एक अँटिबॉडी, नावामुळे लोक दचकतात पण हा व्हायरल आजारानंतर काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, हिपॅटायटिस सीमध्ये येतो, टीबीत येतो, म्हाताऱ्या धडधाकट माणसातही येतो. अँटी-सीसीपी ही दुसरी अँटिबॉडी, आरएसाठी जास्त नेमकी, चिकनगुनियाच्या दुखण्यात ती बहुधा निगेटिव्ह असते, आणि ती चांगली चढलेली असेल तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. (टीबीमध्ये कधीकधी तीही फसवते, म्हणून जुना खोकला असेल तर लपवू नका.) आणि हिपॅटायटिस बी व सी, एकतर ते स्वतः सांधे दुखवतात आणि पुढे औषध सुरू करायचं तर लिव्हर माहीत असावं लागतं. उलटंही लक्षात ठेवा, बऱ्याच आरएवाल्यांचे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असतात, त्यामुळे रिपोर्ट कोरा पण हात सुजलेला असेल तर हातावर विश्वास ठेवायचा.

२०१० पासून डॉक्टर लोक एक स्कोअर वापरतात, १० पैकी ६ आले तर आरए धरतात. सांधे किती आणि लहान की मोठे याला ५ पर्यंत, अँटिबॉडीला (आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी) ३ पर्यंत, ईएसआर-सीआरपीला १ आणि सहा आठवडे उलटले की १. हे नेटवर बघून घरी बेरीज करणारे भेटतात मला. पण त्याच्या आधी एक अट आहे ती कोणी वाचत नाही, सुजेला दुसरं पटेल असं कारण नसलं पाहिजे, आणि नुकताच झालेला चिकनगुनिया हे अगदी पटेल असं कारण आहे. म्हणून बेरीज डॉक्टरांना करू द्या.

आता तो प्रश्न. मग तापानेच आरए झाला का?

एक गोष्ट ऐकली की बरंच डोकं जागेवर येतं. काही देशांत रक्तदात्यांचं जुनं साठवलेलं रक्त नंतर काढून तपासलं, ज्यांना पुढे आरए झाला त्यांचं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात अँटी-सीसीपीसारख्या अँटिबॉडी पहिला सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधीच होत्या, काहींच्या तर दहाएक वर्षं. म्हणजे ज्याच्या बाबतीत गेल्या महिन्यातल्या तापानंतर आरए निघाला, त्याच्या शरीरात तयारी बहुधा आधीच चालू होती आणि तापाने शेवटचा धक्का दिला असेल. आणि सुरुवातीची ठिणगी कदाचित एखाद्या जुन्याच, विसरलेल्या व्हायरसची असेल.

त्या जुन्या व्हायरसमध्ये सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते एपस्टाइन-बारचं, ईबीव्ही. थुंकीतून पसरतो, आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच साध्या सर्दी-तापासारखा होऊन जातो, जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांत तो असतो आणि एकदा शिरला की बी पेशींमध्ये जन्मभर झोपून राहतो. बी पेशी म्हणजे त्याच, ज्या अँटिबॉडी बनवतात. आरएच्या पेशंटच्या रक्तात ईबीव्ही इतरांपेक्षा जास्त सापडतो आणि त्याला काबूत ठेवणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, कमी पडताना दिसतात.

तो नेमकं काय बिघडवत असेल याचे दोन-तीन रस्ते सांगतात. पहिला म्हणजे चेहऱ्यातलं साम्य. १९८७ मध्ये असं मांडलं गेलं की आरएचा धोका वाढवणाऱ्या एचएलए-डीआरबी१ जीनच्या वेगवेगळ्या प्रकारांत पाच अमिनो ॲसिडचा एक जवळजवळ सारखा तुकडा असतो, आणि थोड्याच काळात लक्षात आलं की ईबीव्हीच्या जीपी११० नावाच्या प्रोटीनमध्येही तोच तुकडा आहे. आता कुंभमेळ्यात रामकुंडावर बंदोबस्ताला असलेल्या हवालदाराला वायरलेसवर वर्णन आलं की चोर भगव्या कपड्यात आहे, दाढी आहे, कपाळाला भस्म आहे, तर तो धरणार कोणाला? तसंच प्रतिकारशक्तीचं होतं, वर्णन व्हायरसचं पण हात पडतो घरच्याच माणसावर. याला मॉलिक्युलर मिमिक्री म्हणतात आणि हे ऐकायला इतकं छान वाटतं की लोक इथेच थांबतात, पण एवढ्यानेच सगळं झालं असतं तर नव्वद टक्के जग आज मूठ वळत नाही म्हणून रडत असतं.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो. शरीरात कुठेही जळजळ झाली, सूज आली, की पीएडी नावाची एन्झाइम जागी होतात आणि प्रोटीनमधल्या आर्जिनिन नावाच्या अमिनो ॲसिडचं सिट्रुलिन करून टाकतात. प्रोटीन आपलंच, पण रूप बदललं. ज्यांच्याकडे तो डीआरबी१ प्रकार आहे त्यांच्या पेशी हे बदललेले तुकडे जास्त घट्ट पकडून टी पेशींना दाखवतात, मग बी पेशी अँटिबॉडी बनवतात, आणि तीच आपली अँटी-सीसीपी. ईबीव्हीचं ईबीएनए-१ हे प्रोटीन आर्जिनिनने भरलेलं असतं, त्याचे सिट्रुलिन झालेले तुकडे प्रयोगशाळेत आरएच्या पेशंटच्या अँटिबॉडी बरोबर ओळखतात. बिडी-सिगारेटने फुफ्फुसात हेच होतं, दगडाच्या बारीक धुळीचा धोकाही आरएत पक्का माहीत आहे, आणि हिरड्यांच्या आजारातला पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू तर स्वतःचंच पीएडी एन्झाइम घेऊन येतो. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या बघून घ्या असं मी सांगते तेव्हा लोक हसतात, हसू देत.

तिसरं, आधीच भडकलेल्या वातावरणात शेजारी उभ्या असलेल्या पेशीही भडकतात, आणि एका तुकड्यापासून सुरू झालेली चूक हळूहळू दुसऱ्या-तिसऱ्या प्रोटीनपर्यंत पसरत जाते. ताप उतरल्यावरही ही साखळी थांबली नाही तर पंचाईत.

बाकी व्हायरस थोडक्यात. पार्वोव्हायरस बी१९, लहान मुलांचे गाल लाल होतात तो, घरात पोराला झाला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी आईची दोन्ही मनगटं-बोटं सुजली तर आधी त्याचा संशय घ्या, हुबेहूब आरएसारखं दिसतं आणि बहुतेकींचं काही आठवड्यांत जातं. चिकनगुनियाचं आपल्याकडचं नातं जुनं, १९७३ मध्ये बार्शीला मोठी साथ आली होती, मग बरीच वर्षं गायब, आणि २००६ मध्ये परत आली तेव्हा आपल्या जिल्ह्यात मालेगावला जोरात होती. त्या साथीनंतर वर्ष-वर्ष सांधे धरून बसलेली माणसं जुन्या लोकांना आठवतात. एखाद-दुसऱ्या पेशंटच्या सांध्यातल्या पेशींत या व्हायरसचे अवशेष कित्येक महिन्यांनी सापडलेत, त्यामुळे लांबलेलं प्रत्येक दुखणं ऑटोइम्यून असतं असं नाही, कधीकधी व्हायरसचा कचराच निघालेला नसेल.

आणि जीनचं म्हणाल तर सारख्या जुळ्यांमध्ये एकाला आरए असला तर दुसऱ्याला व्हायची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास. सगळे जीन तेच असून! मग व्हायरस, धूर, हिरड्या, हार्मोन (बायकांना दोन-तीन पट जास्त होतो), नशीब, सगळं मिळून होतं. त्यामुळे घरात "तू त्या दिवशी संध्याकाळी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) गेलीस, डास चावले, म्हणून झालं" असली भांडणं कृपा करून करू नका.

समजा आरएच निघाला. मेथोट्रेक्सेट हे बहुतेकांचं पहिलं औषध आणि त्याबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगते, ती गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा, घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवा, आणि मेडिकलवाल्याने पाकिटावर "रोज एक" खरडलं असेल तर तिथल्या तिथे विचारा. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, दारू नको, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला कारण ती गोळी गरोदरपणात चालत नाही. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे आरएचं दुसरं औषध चालू असेल तर डोळे तपासून घ्या.

पुडीवाल्यांबद्दल. तीन दिवसांत नाचायला लावतो ना, तो गुण जडीबुटीचा नसतो, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम सोडलं की माणूस कोसळतो. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. निर्गुडीचा शेक घ्या, लाडू खा, थंडीत निफाडला पारा उतरतो तेव्हा कोमट पाण्यात हात बुडवून बसा, त्याने आखडलेलं सुटतं, मीही करते. आजार मात्र त्याने थांबत नाही.

आणि औषधं चालू असताना पुढच्या पावसाळ्यात परत ताप आला तर मेथोट्रेक्सेट घ्यायच्या आधी फोन करा, मोठ्या इन्फेक्शनमध्ये डॉक्टर ती बहुधा थांबवायला सांगतात, पण स्टिरॉइड चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही. फ्लूचं इंजेक्शन चालतं, जिवंत व्हायरसची लस मात्र विचारल्याशिवाय नाही. कूलरचं पाणी आठवड्याला ओता, गच्चीवरच्या जुन्या टायरचा आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांचा बंदोबस्त करा, बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचं घाला. वही तेवढी फाडू नका, पुढच्या वेळी जुन्या पानांशी ताडून बघता येतं.